जकात गेली, नाका राहिला

मुलुंडला राहणाऱ्या माणसाला नाका म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. एलबीएस रस्त्यानं ठाण्याकडे निघालं की चेकनाका लागतो. रिक्षावाल्याला नुसतं 'चेकनाका' म्हटलं की तो आजही बरोबर तिथेच सोडतो, तिथे चेक करायला कोणी उरलेलं नसलं तरी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. महापालिकेच्या तिजोरीत वर्षाला सात हजार कोटींच्या घरात भर टाकणाऱ्या नाक्यांचे एका रात्रीत नुसते बसस्टॉप झाले. मग १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या गाड्यांचा टोलही माफ झाला. मुलुंडकरांनी पेढे वाटले नाहीत, पण मनातल्या मनात गिअर बदलला.

मी भाबडेपणानं समजलो, झालं, सुटलो. आता कुठूनही काही आणा, कुठेही काही न्या.

त्यानंतर चिरंजीवांचा सोळावा वाढदिवस आला आणि नाका थेट आमच्या हॉलमध्ये उभा राहिला.

झालं असं की न्यू जर्सीतल्या एडिसनहून मावशीनं भाच्याला पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवलं. कार्ड म्हणजे नुसता कोड, व्हॉट्सॲपवरून आलेला. टीव्हीखालच्या खोक्यात तो टाकायचा की हवा तो गेम घ्यायला पैसे जमा. चिरंजीवांनी तो टाकला. खोक्यानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, हा कोड तुमच्या प्रदेशात चालत नाही.

"कुठला प्रदेश म्हणतोय तो?" स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला. "पूर्व की पश्चिम?"

मुलुंडमध्ये हा प्रश्न अगदी रास्त आहे. रुळांच्या कोणत्या बाजूला राहता यावर घरभाड्यापासून नारळापर्यंत सगळ्याचा भाव ठरतो. पण खोका तेवढा बारकाईत जात नव्हता. त्याच्या लेखी अख्खा भारत हा एकच प्रदेश होता, आणि अमेरिका दुसरा. त्यामुळे एडिसनमधले पन्नास डॉलर मुलुंडला पोहोचेपर्यंत डझनभर इंग्रजी अक्षरं होऊन बसले. याच मावशीनं दर दोन वर्षांनी आणलेली चॉकलेटं, बदाम आणि वेदना कमी करणारी मलमं मात्र विमानतळावरचा कस्टमवाला बिनबोभाट सोडतो. दुकानाचं नाव मी सांगत नाही, कारण नाव बदललं तरी नियम बहुतेक ठिकाणी हाच आहे.

इंटरनेट आलं तेव्हा काय सांगितलं होतं आठवतंय? जगाच्या सीमा पुसल्या जाणार. पुसल्या की! आता त्या नकाशावर दिसत नाहीत, बिल भरताना दिसतात.

*

या विषयातले आमचे अधिकारी पुरुष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे शेठ. मशीद बंदरला त्यांचा सुक्या मेव्याचा धंदा आहे. आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेले नाहीत, म्हणूनच त्यांना तो बाजार लगेच कळतो.

"शेठ, एकच गेम. अमेरिकेत साठ डॉलर, इथे त्याहून कमी, कुठे त्याहूनही कमी. हे काय गौडबंगाल?"

"साहेब, ह्यात नवीन काय? बदाम तोच. गिऱ्हाईक गाडीतून उतरला तर एक भाव, चालत आला तर दुसरा."

"पण बदाम संपतात हो. गेम संपत नाही. एकदा तयार झाला की पुढची प्रत जवळजवळ फुकटच पडते."

शेठचे डोळे चमकले. "मग तर लईच भारी! माल फुकट, तर जो मिळेल तो भाव नफा. चालत येणाऱ्याला पण सोडायचा नाही."

अर्थशास्त्राची पुस्तकं ज्याला दोन प्रकरणं देतात ते शेठनी जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं. साठ डॉलर हा अमेरिकेत शनिवारच्या बाहेर जेवणाचा खर्च. मुलुंडमध्ये त्या रकमेत घराचा महिन्याचा किराणा बसवावा लागतो. तिथला भाव इथे लावला तर विक्री शून्य. भाव उतरवला तर काही ना काही हाती लागतं, आणि वर कॉपीचा खर्च नाही. यात कोणावर उपकार करणं नाही, तसं लुटणंही नाही. हा भाजीबाजार आहे.

आता इतिहास. स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २००३ साली उघडलं. बारा वर्षं आपण तिथे डॉलरच्या पाट्या वाचत उभे होतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे रुपया आला. नुसतं चिन्ह बदललं असं नाही, बऱ्याच गेमचे आकडेही इथल्या खिशाकडे बघून लावले गेले. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ आला तो अमेरिकेत साठ डॉलरला. त्या वेळच्या दरानं ते चार हजार चारशेच्या आसपास होतात. इथे कॉम्प्युटरवर त्याची पाटी होती २,९९९ रुपयांची. उपनगरातल्या मध्यमवर्गाला ९९९ या आकड्याचं जे व्यसन आहे ते तो बनवणाऱ्या पोलंडमधल्या गेमवाल्यांनाही कळलं होतं, याचं मला कौतुक वाटतं.

पण याच सुमारास शेजारच्या दुकानात वेगळाच तराजू होता. सोनीचा प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी दिवस उशिरा, ४९,९९० रुपयांना. आणि सोनीच्या स्वतःच्या नव्या गेमची किंमत? ४,९९९. अमेरिकेत सत्तर डॉलर, म्हणजे पाच हजार शंभर-दोनशे. आपल्या किमतीत जीएसटी धरलेला असतो आणि त्यांच्यात कर वेगळा लागतो, हे मान्य. तरी तिथल्या पोराचा पॉकेटमनी आणि इथल्या पोराच्या बापाचा पगार यांच्यात जितकं अंतर आहे, तितकं काही त्या दोन आकड्यांत दिसत नाही.

म्हणजे एक दुकान म्हणतं, तुम्ही चालत आलात, बसा, भाव कमी करू. दुसरं म्हणतं, तुमच्याकडे पन्नास हजारांचा खोका आहे ना? मग गाडीतूनच उतरलात तुम्ही. दोघांचंही बरोबर आहे. फक्त आपण एकाच दिवसात गरीबही असतो आणि श्रीमंतही, हे जरा अवघड जातं.

*

गिऱ्हाईक बघून भाव लावायचा तर एक भानगड होते. स्वस्त गिऱ्हाईकानं माल उचलून महाग गिऱ्हाईकाला विकला तर? म्हणून नाका लागतो.

हे मुंबईला सांगायला नको. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत, पूर्वेला शीवपर्यंत. पुढे दक्षिण मुंबईचा प्रदेश, तिथे काळीपिवळी. इकडे मीटर २६ रुपयांनी पडतं, तिकडे ३१ नी. अंधेरीची रिक्षा कुलाब्यात शिरली तर जगबुडी होईल असा नियम करणाऱ्यांचा ठाम विश्वास आहे, आणि आपणही कधी का म्हणून विचारत नाही. गेमवाले ज्याला रीजन लॉक म्हणतात तो आम्ही शीवला उतरून, सामान हातात घेऊन, टॅक्सीला हात करत रोज पाळतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनाही नवं नाही. अंधेरीच्या किंवा विद्याविहारच्या कॉलेजात शिकलेल्या कोणाचंही जुनं पुस्तक उघडा. पातळ कागद, काळी-पांढरी चित्रं आणि मुखपृष्ठावर ताकीद: भारत आणि शेजारच्या काही देशांबाहेर विक्रीस मनाई. तेच पुस्तक अमेरिकेत दसपट भावानं. सुपाप किर्तसाएंग नावाच्या थायलंडच्या एका विद्यार्थ्यानं हे ताडलं. अमेरिकेत शिकताना त्यानं घरच्यांकडून स्वस्त आवृत्त्या मागवल्या आणि तिथे विकल्या. जॉन वायली या प्रकाशकानं कोर्टात खेचलं. १९ मार्च २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, पोरानं विकत घेतलेलं पुस्तक आहे, त्यानं ते विकावं.

प्रकाशकांनी यातून धडा घेतला तो असा, की कागदावर काही विकायलाच नको.

डिजिटल मालाला पाय नसतात, त्यामुळे तो पळूनही जाऊ शकत नाही. पळतो तो गिऱ्हाईक. म्हणजे पळत नाही, पळाल्याचं सोंग करतो. २०२३ पर्यंत जगभरातल्या गेमवेड्यांची मायभूमी अर्जेंटिना आणि तुर्कस्तान होती. दोन्हीकडची चलनं घसरलेली, गेमचे भाव त्या मानानं जमिनीवर. मग कुठल्या कुठल्या देशांतली पोरं व्हीपीएन लावून ब्यूनस आयर्सची रहिवासी झाली. स्टीमनं २०२१ मध्येच देश बदलण्यावर बंधन घातलं होतं, तीन महिन्यांतून एकदाच, आणि त्यातही त्या देशातलं कार्ड हवं. तरी गळती थांबेना. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांत पेसो आणि लिरा गेले आणि डॉलर आला. चलनाचे चढउतार सांभाळणं कठीण झालं, असं कारण दिलं. खरंही असेल. पण ज्यानं फसवलं तो आपल्या गावी सुखरूप राहिला, आणि महागाईनं आधीच पिचलेला तुर्की विद्यार्थी सकाळी उठून बघतो तर त्याच्या दुकानातली भाषा तीच, पैसे परके.

आपला नंबर यात आहे बरं का. यूट्यूब प्रीमियम भारतात स्वस्त, म्हणून परदेशातले कित्येक जण भारतीय होऊन बसले होते. जून २०२४ मध्ये यूट्यूबनं नोंदणीचा देश आणि खरा देश जुळत नाही अशांची वर्गणी रद्द करायला घेतली. आयुष्यभर आपण व्हिसाच्या रांगेत उभं राहून अमेरिकन व्हायचा प्रयत्न केला. कोणीतरी अमेरिकेत बसून भारतीय व्हायला धडपडतंय, हे ऐकून मला भरून आलं होतं. तेही बंद झालं.

आणि भावाची पाटी खाली लागली म्हणजे ती खालीच राहील असंही नाही. कोणत्या देशात किती भाव लावावा याचा सल्ला व्हॉल्व्ह गेम बनवणाऱ्यांना देते. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुधारला गेला, तेव्हा भारतापुढचा आकडाही चांगलाच वर सरकला. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीचा सगळ्यात वरचा वर्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना ८२९ वरून १,३८९ वर गेला. रिक्षाचं भाडं तीन रुपयांनी वाढलं तर आपल्याकडे प्राधिकरणाची बैठक होते, युनियन बोलते, प्रवासी संघटना बोलते, शेवटी वर्तमानपत्रात कोष्टक छापून येतं. इथे एक ईमेल येतो. तोही बहुधा 'प्रमोशन्स'मध्ये पडलेला असतो.

युरोपात निदान कोणी तरी विचारतं. पूर्व युरोपात स्वस्त विकलेले गेम पश्चिम युरोपात चालू होऊ नयेत म्हणून कुलूप घातलं, याबद्दल युरोपीय आयोगानं २० जानेवारी २०२१ ला व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. कारण काय, तर युरोप ही एक बाजारपेठ आहे, तिच्या आत नाके चालणार नाहीत. आपणही २०१७ ला अगदी हेच म्हणत मुलुंडचा नाका उचलला होता. फक्त आपली बाजारपेठ देशाच्या वेशीवर संपते आणि दुकानदार वेशीबाहेर बसलेला असतो.

*

हे झालं भावाचं. काही माल तर भाव विचारायच्या आधीच परत जातो.

निन्टेंडोचं उदाहरण घ्या. त्यांचा स्विच जगात मार्च २०१७ मध्ये आला. भारतात तो अधिकृतपणे आलाच नाही, आणि त्यांच्या ऑनलाइन दुकानाच्या देशांच्या यादीत भारत नाही. तरीही तो हाजीअलीच्या हिरा पन्नामध्ये मिळतो आणि पार्ल्याच्या इर्ल्यातही मिळतो. दुबईहून येणारा प्रत्येक जण येताना तो आणतो. गॅरंटी म्हणजे दुकानदाराचा चेहरा. आणि गेम घ्यायचे तर पोरं खातं उघडताना आपण अमेरिकेत राहतो असं लिहितात. बोरिवलीच्या कित्येक मुलांचा पहिला परदेशी पत्ता असा तयार होतो.

यातला सर्वात गोड किस्सा पुण्याचा. नॉडिंग हेड्स नावाच्या पुण्यातल्या कंपनीनं 'राजी' हा गेम केला. प्राचीन भारत, राक्षसांशी लढणारी डोंबाऱ्याच्या खेळातली एक मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. आपल्या मातीतला, आपल्याच पोरांनी घडवलेला. तो १८ ऑगस्ट २०२० ला प्रकाशित झाला. कुठे? निन्टेंडो स्विचवर! कॉम्प्युटर आणि बाकीच्या खोक्यांवर तो १५ ऑक्टोबरला उतरला. म्हणजे जवळपास दोन महिने पुण्यात बनलेली दुर्गा जगभर मिळत होती आणि अप्पा बळवंत चौकातल्या पोरानं ती सरळ मार्गानं घ्यायची म्हटली तर त्याला आधी अमेरिकन व्हावं लागत होतं. कंपनीला दोष नाही. जिथे दार उघडलं तिथून ती गेली. पण गणपती परदेशात बसवून विसर्जनाला इथे आणावा, तसं वाटलं खरं.

मग काही माल आपल्या भावना जपण्यासाठी परत जातो. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'फॉलआउट ३' भारतात न आणायचं ठरवलं. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं, तेही मोघम. गेममध्ये दोन तोंडांची गाय आहे आणि तिचं नाव 'ब्राह्मिन' आहे, म्हणून असावं, असा अंदाज लोकांनी बांधला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ईए या गेम कंपनीनं 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' भारतातल्या विक्रीतून काढून घेतला. अश्लीलतेच्या इथल्या कायद्याचा भंग होऊ नये म्हणून. लक्षात घ्या, दोन्ही वेळा कोणी मोर्चा काढला नव्हता, कोणी पुतळा जाळला नव्हता. आपण चिडायच्या आधीच कंपन्यांनी आपल्या वतीनं चिडून घेतलं. अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथला अशी संवेदनशीलता कधीच नव्हती. शंभरात तीन सीड्या, कसलाही प्रदेश विचारला जात नसे. चोरीचा धंदा होता, त्याचं समर्थन नाही. पण व्हॉल्व्हचे मालक गेब न्यूवेल स्वतःच २०११ मध्ये म्हणाले होते की चोरी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. फुटपाथवाला सेवा चोख द्यायचा, पोलीस येईपर्यंत.

कधी नाका आपलं सरकारही घालतं. २ सप्टेंबर २०२० ला आणखी ११७ ॲप्सबरोबर पबजी मोबाइल बंद झाला. २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय हे नाव घेऊन, रक्ताचा रंग हिरवा करून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर, आधी तीन महिन्यांच्या परीक्षेवर. एवढ्या वेळा वेस ओलांडलेला गडी मराठी तमाशातही सापडणार नाही.

*

एवढं सगळं करून, रुपये मोजून, प्रदेश जुळवून गेम घेतला, तर तो आपला झाला का?

घाटकोपरला स्टेशनजवळच्या गल्लीत एक जुन्या डिस्कचं दुकान होतं. चिरंजीव लहान असताना आम्ही महिन्याला एक फेरी मारायचो. खेळून झालेली डिस्क द्यायची, वर तीनशे रुपये टाकायचे, दुसरी घ्यायची. दुकानदार डिस्क उजेडात धरायचा, ओरखडे मोजायचा, तोंड वाकडं करायचा. मी म्हणायचो, अडीचशे. तो म्हणायचा, साहेब, बघा किती घासलीय. शेवटी दोनशे ऐंशीवर तुटायचं. तोही माझा चेहरा आणि चपला बघूनच भाव सांगायचा, यात शंका नाही. प्रादेशिक किंमतच ती. पण तिथे मला तोंड होतं.

आता दुकान माझा पत्ता बघतं, कार्ड बघतं, आणि आकडा सांगून गप्प बसतं. भाव वेगळा असण्याबद्दल माझी तक्रार नाही, सबंध आयुष्य वेगवेगळ्या भावांत गेलं. तक्रार ही की भाव ठरवायला एकच पार्टी बसलेली असते. आणि माल परतही देता येत नाही, पुढेही देता येत नाही. कॅलिफोर्नियानं यावर कायदा केला, डिजिटल माल विकताना खरं काय ते सांगा, म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर पैसे भरताना एक ओळ दिसते. तुम्ही गेम घेत नाही, तो वापरायचा परवाना घेता. आणि त्याच वर्षी मे महिन्यात हेही स्पष्ट झालं की स्टीमचं खातं मृत्युपत्रानंही दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आमच्या सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी टाकला नाही तर सेक्रेटरी रोज दार वाजवतो. इथे शंभर-दोनशे गेम, हजारो रुपयांचे, आणि वारस कोणी नाही. पागडीची खोलीसुद्धा बिचारी मुलाला जाते.

*

सौभाग्यवती हे सगळं ऐकत भाजी निवडत होत्या. मुलुंडच्या मार्केटात त्यांचं नाव आहे. भाजीवाले त्यांना येताना बघून आधीच भाव चढवून ठेवतात, म्हणजे उतरवायला जागा राहते.

"मग घासाघीस करायची कशी रे तुझ्या दुकानात?" त्यांनी चिरंजीवांना विचारलं.

"विशलिस्टला टाकायचं आई, आणि थांबायचं. सेल लागतो. उन्हाळ्यात एक, डिसेंबरात एक. अर्ध्यानं खाली येतं."

"म्हणजे संध्याकाळी साडेआठनंतर कोथिंबीर घेतो तसंच की."

"हो. फक्त ही कोथिंबीर सुकत नाही."

"मग थांब ना! घाई कसली आहे?"

मराठी मध्यमवर्गाची सगळी ताकद या एका वाक्यात आहे. आम्ही फ्लॅटसाठी थांबलो, गॅससाठी थांबलो, टेलिफोनसाठी तर वर्षानुवर्षं थांबलो. अख्खं जग ज्या दुकानापुढे हतबल झालंय, त्याला आमच्याकडे एकच उत्तर आहे: न घेणं.

पण वाढदिवसाला सोळा वर्षांच्या पोराला थांब म्हणायचं कसं? शेवटी मावशीनंच तोड काढली. तो कोड एडिसनच्या तिच्या मुलानं वापरून टाकला आणि त्या बदल्यात तिनं तिथल्या दुकानातून गेमची साधी डिस्क आणली. आता पाठवायची कशी? त्याला मराठी माणसाची जुनी कुरिअर सेवा आहे. 'कोणी येणार असेल तर देते.' तिच्या ओळखीतले कोणी ठाण्याला यायचे होते. त्यांच्या बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि मलमांच्या मध्ये डिस्क बसली. विमानतळावर कोणी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी मी नौपाड्यातून ती घेऊन आलो. खोक्यात डिस्क घातली तर मुकाट्यानं चालेल, तिला कोणी प्रदेश विचारत नाही, असं चिरंजीवांनी आधीच सांगून ठेवलं होतं. खेळून झाली की कोणाला तरी द्यायची आणि वर दोनशे ऐंशी मागायचे, हे मी मनाशी ठरवलं होतं.

परत येताना एलबीएस रस्त्यावर रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "साहेब, नाक्यावर थांबायचं का?"

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, "नको. सरळ घे."